गोऱ्हे जोडीने औताला धरताना या चुका टाळा

देवणी किंवा लाल कंधारी गोऱ्ह्यांची जोडी जमवताना पहिली चूक बहुधा बाजारातच होते. देवणीत वानेऱ्याला (पांढरे अंग, काळसर तोंड) वानेरा आणि शेवेऱ्याला (पांढऱ्या अंगावर काळे ठिपके) शेवेरा असा रंग जुळवला जातो, शिंगे पाहिली जातात, पण दोघांच्या खांद्यांची उंची आणि चाल मात्र तपासली जात नाही. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेतून जोडी घ्यायची असली, तरी दोघांना दावणीवरून सोडून शेजारी शेजारी चालवून पाहावे. एक लांब टांगा टाकतो आणि दुसरा मागे रेंगाळतो असे दिसले, तर रंग कितीही जुळला तरी ती जोडी औताला त्रासच देईल.

साधारण दोन-अडीच वर्षांचा, दोन कायमचे दात आलेला गोऱ्हा हलक्या कामाने शिकवावा. जड नांगरटीला तो इतक्यात लावू नये. दोन्ही गोऱ्हे कोरे असताना त्यांना एकदम जुंपणे, हा तर नसता उपद्व्याप होय. एक बुजला की दुसराही उधळतो. म्हणून प्रत्येकाला आधी जाणत्या बैलाजवळ जुंपून रिकामे जू घेऊन फिरवावे, नंतर ढेकळांच्या रानात लाकडाचा ओंडका ओढायला द्यावा, आणि गाडीरस्ता सर्वांत शेवटी दाखवावा. उजवीकडे शिकलेल्याला रोज उजवीकडेच धरावे. थांबवण्यासाठी घरातले प्रत्येकजण वेगळा शब्द वापरत असेल, तर गोऱ्ह्याला दोष देण्यात अर्थ नाही.

एक गोऱ्हा सतत मागे राहत असेल आणि जू तिरके होत असेल, तर चाबूक उचलण्याआधी जू आणि औताची दांडी बांधणारा दोर पाहावा. दोर बरोबर मध्यावर असेल, तर ओढ दोघांवर सारखी पडते. तो जाणत्या बैलाच्या बाजूला थोडा सरकवला, की गोऱ्ह्याकडची जुवाची बाजू लांब होते आणि त्याच्यावरचा भार कमी होतो. हे जुन्या लोकांना ठाऊक असते, पण घाईच्या दिवसांत दोर सोडून बांधण्याचा कंटाळा केला जातो.

मध्येच खाली बसणाऱ्या गोऱ्ह्याची शेपूट पिरगाळण्याची किंवा त्याला आर टोचण्याची सवय वाईट आहे. आर म्हणजे खिळ्याची काठी; ती वापरण्यास ओढकामाच्या जनावरांवरील क्रूरता रोखणाऱ्या 1965 च्या नियमांनीही मनाई आहे. अशा वेळी जू सोडावे आणि मानेवरून तळहात फिरवावा: एखादी जागा गरम लागली, सुजलेली असली किंवा हात लावताच कातडी थरथरली, तर तो हट्टी नाही, त्याचा खांदा आला आहे. जुवाच्या खालच्या अंगाला गाठ किंवा खडबडीतपणा असेल तर तो तासून घ्यावा, आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत जू ठेवू नये. चामडी फाटली असेल, तर पशुवैद्यकाला दाखवावे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी (बैलांचे खांदे चोळणे) करायची आणि वर्षभर खांद्याकडे पाहायचे नाही, असे काही घरांत चालते.

मान निरोगी असूनही तो बसत असेल, तर वेळ तपासावी. त्याच 1965 च्या नियमांनुसार तापमान 37 अंशांवर असताना दुपारी 12 ते 3 या वेळेत जनावर जुंपता येत नाही, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शिकाऊ गोऱ्ह्याला सकाळचे दोन-चार फेरेच पुरे असतात. तो दमण्याआधी, चालीत असतानाच सोडावा. बसल्यावर सोडला, तर बसले की सुटका होते एवढेच तो शिकतो.