जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा: मीटर सगळ्यात शेवटी उघडा

चावी फिरवली की काटा थेट ‘एफ’ला जाऊन बसतो, नाहीतर टाकी काठोकाठ भरूनही जागचा हलत नाही. मग ठाण्याहून कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठून जुनं मीटर आणलं जातं आणि तेही डॅशमध्ये बसवल्यावर तस्संच वागतं. मीटरच्या आत बिघडण्यासारखं फार काही नसतं. दगा देतात ते अर्थ (बॉडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीशी असलेली जोडणी), स्टॅबिलायझर आणि टाकीतलं युनिट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट आणि त्याचा दांडा.

आधी मीटरची जात ओळखा. चावी लावताच काटा टुणकन उडाला तर ते कॉइलचं. सावकाश चढला, खड्ड्यातही थरथरला नाही, तर आत तापून वाकणारी पट्टी आहे, म्हणजे बायमेटल. हा मजकूर बायमेटलचा. कॉइलच्या काही जुन्या मीटरांत खाली दिलेली टाकीच्या वायरची चाचणी बरोबर उलटी चालते, तेव्हा गल्लत करू नका.

बायमेटलला साधारण १० व्होल्ट लागतात. ते देणारी पत्र्याची छोटी डबी, म्हणजे स्टॅबिलायझर, डॅशच्या मागे असते आणि पेट्रोल व टेम्परेचर दोन्ही मीटर तिच्यावरच चालतात. म्हणून पहिला प्रश्न हाच: बिघाड एका काट्यात आहे की दोन्हींत? दोन्ही जास्त दाखवत असतील तर डबीचा अर्थ सुटलाय किंवा आतले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) चिकटलेत. दोन्ही मेले असतील तर फ्यूज आणि डबी बघा. एकटा पेट्रोलचाच बिघडला असेल तर टाकीकडे वळा.

अर्थाला पुरेसा वेळ द्या. वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठी उभ्या गाडीत एका पावसाळ्यात पितळी थिंबलवर (वायरच्या टोकाला दाबलेल्या पत्रीवर) हिरवा गंज चढतो. नव्याने रंगवलेल्या गाडीत गंज नसतो, पण रंग असतो, आणि रंगातूनही करंट जात नाही. रिस्टोरेशननंतर ‘आधी चालत होतं’ ही तक्रार बहुधा इथलीच. डबीच्या स्क्रूखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, वरून व्हॅसलीन लावा. मग चावी चालू ठेवून बॅटरीचा निगेटिव्ह आणि डबीचं कवच यांच्यात मल्टिमीटर धरा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ अजून कच्चा आहे.

मूळ डबी आतल्या आत चालू-बंद होत राहते, त्यामुळे डिजिटल मल्टिमीटरवर आकडा नुसता नाचतो. डबीचं ‘आय’ (आउटपुट) टर्मिनल आणि अर्थ यांच्यात १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावा. लुकलुकला तर डबी जिवंत, सलग पेटून राहिला तर पॉइंट चिकटलेले. बदलायची असेल तर लॅमिंग्टन रोडला मिळणारा, स्थिर १० व्होल्ट देणारा ७८१० आयसी जुन्या कवचातच बसतो. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावा पाय इनपुट (‘बी’), मधला अर्थ, उजवा आउटपुट (‘आय’). इनपुट-अर्थमध्ये ०.३३ आणि आउटपुट-अर्थमध्ये ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर सोल्डर करा. आयसीची धातूची पाठ कवचालाच बोल्टने आवळा, म्हणजे अर्थही मिळतो आणि उष्णताही निघते. पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेल्या) जुन्या ब्रिटिश गाडीत मात्र हा आयसी चालत नाही.

आता टाकी. चावी चालू करण्याआधी युनिटची वायर काढून ठेवा. चावी लावल्यावर काटा ‘ई’वर राहायला हवा. तीच वायर टाकीपासून लांब, बॉडीच्या उघड्या पत्र्याला टेकवा. काटा ‘एफ’कडे चढला की लगेच काढा. चढला म्हणजे मीटर आणि वायर ठीक, चोर टाकीत. चढला नाही तर मीटरच्या मागच्या टर्मिनललाच अर्थ देऊन बघा. तिथे चढला तर मधली वायर तुटलीय. मीटरला थेट १२ व्होल्ट कधीच देऊ नका. ‘चेक करून बघतो’ म्हणणारे वायंडिंग जाळतात ते इथेच.

युनिट काढताना पेट्रोल अर्ध्याखाली असू द्या, बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि काम उघड्यावर करा. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये तर मुळीच नको. बाहेर काढल्यावर फ्लोट कानाशी हलवा. आत खळखळ ऐकू आली तर त्यात पेट्रोल शिरलंय. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की बारीक बुडबुड्यांची माळ भोक दाखवते. आतलं पेट्रोल पूर्ण काढून, वाळवून मगच सोल्डर करा. वास येत असेपर्यंत सोल्डरिंग आयर्न जवळ न्यायचं नाही.

नंतर दांडा हळूहळू वर-खाली करत रेझिस्टन्स मोजा. स्मिथ्स (जुन्या ब्रिटिश गाड्यांची मीटरं बनवणारी कंपनी) धाटणीच्या युनिटात रिकाम्याला साधारण २४० ओहम आणि फुलला २० ते ३० मिळतात. मध्येच आकडा गायब झाला तर तिथे युनिटमधली रेझिस्टन्सची तार झिजलीय. ही तार केसासारखी बारीक असते, तिला पॉलिश पेपर लावू नका. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश पुरे. बसवताना पॅकिंग नवंच घाला. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुना कॉर्क आणि रबर टिकत नाही.

टाकी रिकामी असतानाच ५ लिटर भरा आणि मिनिटभर थांबा. काटा ‘ई’च्या जरा वर आला नाही तर युनिट पुन्हा काढून दांडा किंचित वाकवा. ‘एफ’ला थोडं कमी दाखवलं तरी चालेल, ‘ई’ला जास्त दाखवलं तर घोडबंदरच्या चढावर ढकलावं लागेल.