गोव्यात तरवड लावताय? या चुका टाळा

नवरात्र जवळ आलं की सोलापूर-सांगलीकडून येऊन म्हापसा, फोंडा, वास्कोत स्थायिक झालेल्या घरांत एक चौकशी हमखास होते: घटाच्या माळेला तरवडाची, म्हणजे त्या रानझुडपाची पिवळी फुलं कुठे मिळतील? बाजारात झेंडू, शेवंती, अबोली हवी तेवढी, तरवड मात्र नाही. मग कोणीतरी गावाहून शेंगा आणतं, परसात बी टोचतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात रोप मरतं. "गोव्याची हवा मानवली नाही" म्हणून विषय संपतो. खरं तर त्याला मारतं ते मुळाशी तुंबलेलं पाणी. तरवडाच्या मुलुखात वर्षाला 500-700 मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे 3,000 च्या आसपास.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खड्डा. आंब्या-नारळासाठी खणतो तसा भरड जमिनीत दोन फूट खड्डा खणायचा, त्यात माती-शेणखत भरायचं आणि रोप लावायचं. पण खाली जांभा असतो. चिऱ्यात कोरलेला खड्डा म्हणजे चक्क टाकी. जुलैत बाजूची जमीन निथळली तरी आतलं पाणी तिथंच राहतं. त्यामुळे खणूच नका, उंचवटा करा. चिऱ्यांचे तुकडे आणि खडी तळाशी, वर लाल माती व नदीची वाळू, असा गुडघ्याएवढा ढीग उताराच्या बाजूला रचा आणि त्याच्या माथ्यावर रोप लावा. किनाऱ्यावरची वाळू खारट असते, ती नको. पागोळ्या पडतात ती जागा टाळा. कुळागरात तर लावूच नका. तिथली सावली आणि ओल सुपारीला लाख मानवत असेल, तरवडाला नाही. त्याला दिवसभराचं ऊन लागतं.

वेळही चुकते. झाडं जूनमध्ये लावायची ही आपली सवय. तरवडाचं बी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी पेरा. म्हणजे पुढचे सात महिने त्याला मुळं खोल न्यायला मिळतात. कुंडीत वाढवलं असेल तर पहिला पावसाळा पत्र्याखाली काढू द्या.

बी उगवत नाही, ही दुसरी तक्रार. बी खराब नसतं, त्याचं कवच कठीण असतं. पॉलिश पेपरवर एका बाजूनं घासा आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी फुगून टपोरं झालेलं बी पेरा. जे तसंच टणक राहिलं ते पुन्हा घासून भिजवा.

मुळात ते रोप तरवडाचंच आहे ना? पावसात आपोआप उगवणारा, आपण भाजीला खुडतो तो टाकळा त्याच कुळातला, पण त्याच्या पानाला पर्णिकांच्या (पानातल्या छोट्या पानांच्या) तीनच जोड्या असतात आणि शेंग बारीक, लांब, वाकडी. नर्सरीतही पिवळ्या फुलांची भलतीच शोभेची झुडपं तरवड म्हणून गळ्यात मारतात. ओळख पानाच्या देठाशी पाहा: तिथं कानाच्या पाळीसारखी रुंद, गोलसर हिरवी उपपर्णं असतात आणि ती गळत नाहीत. शेंग चपटी, कागदासारखी पातळ. आतल्या बिया बाहेरून बोटानं मोजता येतात.

पानं पिवळी पडली की लोक पाणी वाढवतात. आधी माती चिमटीत घ्या. ओली असून पानं मलूल असतील तर मुळं कुजू लागली आहेत. बुंध्याभोवती पसरलेली नारळाची सोडणं ताबडतोब काढा, माती सैल करा, पाणी बंद. बुंध्याची साल काळपट होऊन बोटाबरोबर सुटत असेल तर ते झुडूप गेलं, बिया पुन्हा पेरा. एप्रिलमधली थोडी पानगळ मात्र मनावर घेऊ नका.

खताच्या बाबतीत हात आखडता घ्या. भरपूर शेणखतानं झुडूप हिरवंगार दिसतं, फुलं मात्र रुसतात. शेंगावर्गातलं म्हणून ते जमिनीला नत्र देईल, हाही गैरसमज. याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी नसतात.

पानं कुरतडणाऱ्या हिरव्या अळ्या दिसल्या की कीटकनाशकाची बाटली काढू नका. फिकट पांढरी फुलपाखरं याच पानांवर अंडी घालतात, आणि झुडूप तेवढी पानं सहज भरून काढतं. शिवाय फवारलं तर भुंगे येणार नाहीत, आणि शेंगा त्यांच्याच भरवशावर. फुलात मध नसतो. परागकोशाच्या टोकाला बारीक भोक असतं, आणि भुंगा अंग थरथरवून पराग झाडतो.

छाटणी शेंगा वाळल्यावर करा. फुलं फांदीच्या टोकाला येतात. गणपतीच्या साफसफाईत कोयता चालवलात तर नवरात्रात माळेला झेंडूच.