गादीवरच्या सहा मिनिटांसाठी पकडीची आठ आठवड्यांची तयारी

मातीतल्या कुस्तीत हात निसटायला लागला की पैलवान मूठभर माती उचलतो, समोरच्याच्या पाठीवर टाकतो आणि पुन्हा धरतो. गादीवर, म्हणजे मॅटवर, ही सोय नाही. तिथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंद, दोघांचंही अंग घामाने निथळलेलं, आणि समोरच्याचा कॉश्च्यूम धरायला बंदी. लंगोटाच्या लांगेला किंवा जांग्याला हात घालायची मातीतली सवय इथे उलटते. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी समोरासमोर येतात, त्यामुळे मातीच्या पैलवानालाही यातून सुटका नाही. पहिल्या मिनिटात मूठ सगळ्यांचीच घट्ट असते. पाचव्या-सहाव्या मिनिटाला एकेरी पट (एक पाय धरायचा डाव) हातात येऊनही पाय सुटतो, तेव्हा कमी पडलेली असते ती हाताची दमसास. तयारी तिचीच करायची आहे.

सुरुवात मोजण्याने करा. बारला दोन्ही हातांनी लटकून किती सेकंद टिकता ते घड्याळ लावून लिहून ठेवा. दोन मिनिटं थांबून बारवर दोन टॉवेल टाका, एकेका हातात एकेक धरा आणि पुन्हा वेळ घ्या. बारला 60 आणि टॉवेलला 30 सेकंद निघत असतील तर पाया ठीक आहे. बारला वेळ भरपूर आणि टॉवेलला जेमतेम 10 सेकंद निघत असतील, तर बोटं आकड्यासारखी अडकवून धरायची ताकद चांगली आहे पण मूठ आवळायची ताकद आणि अंगठा कच्चा आहे. घाम आलेलं मनगट धरायला हीच मूठ लागते. हीच मोजणी चौथ्या आठवड्याच्या शेवटी आणि सातव्या आठवड्याच्या सुरुवातीला करा. मधे रोज मोजत बसू नका, त्याने हात नुसते थकतात.

सामान फार लागत नाही. एक मजबूत बार, दोन जाड सुती टॉवेल, चढायचा दोर, 20 लिटरचे पाण्याचे दोन कॅन, 25 ते 30 किलो वाळूचं पोतं, दहा लिटरच्या बादलीत दोन-तृतीयांश भरलेली तांदळाची कणी (साधारण साडेपाच-सहा किलो), पाच-पाच किलोच्या दोन गुळगुळीत प्लेटा, आणि हातभर काठीला दोरीने बांधलेलं अडीच किलो वजन. शिवाय भाजीच्या जुडीला असतात तसे रुंद रबर. वाळूचं पोतं शिवून घ्या आणि त्यावर दुसरं पोतं चढवा. एकेरी पोतं तिसऱ्या दिवशी उसवतं आणि वाळू सांडते ती नेमकी गादीवर. बाजारातला स्प्रिंगचा ग्रिपर घेतला तर हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. त्यात मूठ मिटते आणि उघडते. कुस्तीत मिटलेली मूठ कोणीतरी ओढत, पिळत, झटकत असताना टिकवावी लागते.

काही करण्याआधी मनगटाची गोष्ट नीट समजून घ्या. उजवं मनगट तळव्याच्या बाजूला पूर्ण वाकवा आणि तसंच ठेवून मूठ आवळायचा प्रयत्न करा. बोटं पूर्ण मिटतच नाहीत. आता मनगट किंचित मागे न्या, पंजाची पाठ वर येईल इतकंच, आणि पुन्हा आवळा. बोटं मिटवणारे मोठे स्नायू पंजात नसतात, कोपराखालच्या हातात असतात. त्यांचे कंडरे (स्नायू हाडाला जोडणारे दोरे) मनगटावरून बोटांपर्यंत जातात, म्हणून मनगट वाकलं की त्यांची ओढ ढिली पडते. खडाखडीत (उभ्याने चाललेल्या हातांच्या झटापटीत) जाणता पैलवान समोरच्याचं मनगट आत दाबतो ते यासाठीच. त्यामुळे लटकताना, कॅन उचलताना, दोर धरताना मनगट आत मुडपलेलं नाही ना, हे वस्तादांनी डोळ्यांनी तपासायला हवं. पैलवानाला स्वतःला ते कळत नाही.

पहिले दोन आठवडे कंडरे आणि कातडी तयार करण्याचे. स्नायू लवकर जोर धरतात, कंडरे मागे राहतात, आणि घाई केली की कोपराची आतली बाजू दुखायला लागते. आठवड्यातून तीन दिवस, कुस्तीचा सराव संपल्यावर, 15 ते 20 मिनिटं पुरेत. सरावाआधी पकडीचा व्यायाम करू नका. थकलेल्या हाताने डाव चुकीचे बसतात आणि बोटं अडकून दुखावतात. बारला 20 ते 30 सेकंदांचे चार लटके, प्रत्येकामागे दीड मिनिट विश्रांती. कणीच्या बादलीत मनगटापर्यंत हात खुपसून 40 सेकंद मूठ मिटायची, 40 सेकंद बोटं फाकवायची, 40 सेकंद पंजा गोल फिरवायचा. असं दोनदा. कॅन घेऊन 30 मीटरच्या चार फेऱ्या. शेवटी पाची बोटांना रबर लावून 25-25 वेळा पंजा उघडायचा. रबराचा भाग सगळ्यात जास्त टाळला जातो आणि कोपर त्यावरच वाचतं. नुसतं मिटत राहिलं आणि उघडणाऱ्या स्नायूंना काम दिलं नाही की कोपराच्या बाहेरच्या बाजूलाही कळ येते. तालमीत हौदा (कुस्तीच्या मातीचा खड्डा) खणायची पाळी असेल तर त्या दिवशी कॅनच्या फेऱ्या सोडा. फावड्याने तासभर माती उकरणं हा पकडीचा पूर्ण व्यायाम आहे.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात जोर वाढवायचा. 74 किलोच्या पैलवानाने कॅनमध्ये पाण्याऐवजी ओली वाळू भरून प्रत्येक हातात 30 किलोपासून सुरू करून पाचव्या आठवड्यापर्यंत 35-36 किलोपर्यंत यावं, 25 मीटरच्या चार फेऱ्या. टॉवेलवर चार ते सहा पुलअप्सचे चार सेट. दोन्ही प्लेटा गुळगुळीत बाजू बाहेर करून चिमटीत धरायच्या, 15 ते 20 सेकंद, प्रत्येक हाताने तीनदा. अंगठ्याची ताकद इथेच तयार होते. काठीवर वजन गुंडाळायचं आणि तितक्याच सावकाश सोडायचं, तीनदा. खाली सोडताना घाई केली तर निम्मा व्यायाम वाया जातो. दोर आठवड्यातून दोनच दिवस, चार चढण्या. यातल्या पहिल्या आठवड्यात पायांचा आधार घेऊन, नंतर नुसत्या हातांवर. उतरताना हाताखाली हात घेत उतरा. घसरत आलात तर तळवा सोलून निघतो आणि पुढचे चार दिवस हात मिटत नाही. डेडलिफ्टला (जमिनीवरून वजनाचा बार उचलताना) मनगटाचे पट्टे लावायची सवय असेल तर या तीन आठवड्यांत हलक्या सेटना पट्टे काढा. 14 वर्षांखालच्या मुलांना हे वजन देऊ नका. त्यांना दोर आणि मलखांब पुरे.

मलखांबाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण गादीच्या पैलवानांनी तो जवळजवळ सोडून दिला आहे आणि ते नुकसान आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी मलखांबाला पुन्हा उभं केलं ते मल्लविद्येच्या सरावासाठीच. सागवानी किंवा शिसवी खांबाला एरंडेल लावलेलं असतं. त्यावर नुसत्या बोटांनी धरायला गेलं की हात सटकतो. मग मनगटाची कड, कोपराची आतली घडी, काख आणि मांडी, सगळं एकदम खांबाला लावावं लागतं. घामाने भिजलेला माणूस धरायची हीच रीत आहे. आठवड्यातून एक दिवस 20 मिनिटं साध्या पकडी आणि सलामी करा. उड्या आणि आसनांच्या मागे लागायची गरज नाही.

याच आठवड्यांत हात बांधायची पद्धत पक्की करून घ्या. कमरेला मिठी घालताना बोटांत बोटं कधीही गुंतवू नका. गुंतलेली बोटं ओढली की मोडतात, आणि ऐन वेळी सुटतही नाहीत. तळव्यावर तळवा, अंगठा तर्जनीला चिकटलेला, कोपरं स्वतःच्या बरगड्यांना लागलेली. आवळायचं ते पाठीने, हातांनी फक्त कडी लावायची. कोपरं बाहेर गेली की सगळा भार बोटांवर येतो आणि भारंदाज (कमरेच्या मिठीचा डाव) अर्ध्यात सुटतो. पाय धरताना तळपायाला हात घालणं नियमात बसत नाही, टाच किंवा घोट्याच्या वर धरायची सवय लावा.

सहावा आणि सातवा आठवडा कुस्तीच्या वेगाचा. 15 सेकंद टॉवेलला लटका, लगेच 20 सेकंद पोतं छातीशी कवटाळून उभे राहा, मग 10 सेकंद हात खाली सोडून झटका. हे 45 सेकंद झाले. असं चार वेळा केलं की तीन मिनिटांची एक फेरी होते. 30 सेकंद थांबा, दुसरी फेरी करा. पाच मिनिटं विश्रांती घेऊन दोन्ही फेऱ्या परत. आठवड्यातून दोनदाच. यातले 10 सेकंद सगळ्यात महत्त्वाचे आहेत. मूठ सतत आवळलेली राहिली की आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त खेळत नाही, हात दगडासारखा होतो आणि त्यानंतर बोटं ऐकत नाहीत. सोडायला शिकलेला पैलवान सहा मिनिटं पुरतो. तिसऱ्या एका दिवशी जोडीदारासोबत मनगट धरणं आणि सोडवणं, एक-एक मिनिटाच्या सहा पाळ्या. सोडवताना हिसका समोरच्याच्या अंगठ्याच्या दिशेने द्या, मूठ तिथूनच उघडते.

घट्टे वाढू देऊ नका. आठवड्यातून एकदा, अंघोळीनंतर कातडी मऊ असताना खरबरीत दगडाने घासून सपाट करा. उंच घट्टा दोरावर मुळासकट निघतो. बोट मुरगळलं तर शेजारच्या बोटासोबत चिकटपट्टीने बांधून सराव चालतो. पण दोन गोष्टी मुरगळण्यातल्या नाहीत. झटका बसल्यावर बोटाचं टोक वाकवताच येत नसेल तर कंडरा तुटलेला असू शकतो, त्याच आठवड्यात हाताच्या सर्जनकडे जा. उशीर झाला तर तो जोडणं अवघड होतं. टोक खाली लोंबत असेल आणि सरळ होत नसेल तर सहा ते आठ आठवडे बोट सरळ ठेवणारी पट्टी लागते, आणि ती मधे एकदाही काढायची नसते. बोटांना मुंग्या येत असतील तर लटके बंद करून डॉक्टरांना दाखवा.

आठव्या आठवड्यात जड काहीही नाही. शेवटचा जोराचा दिवस स्पर्धेच्या सात दिवस आधी, त्यानंतर 10-10 मिनिटांचे दोन हलके दिवस, शेवटचे दोन दिवस फक्त कणी आणि रबर. पाणी तोडून वजन उतरवलं की पहिला फटका हातांना बसतो, बोटांत गोळे येतात. 2018 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वजन कुस्तीच्या दिवशीच सकाळी घेतात, त्यामुळे भरून काढायला काही तासच मिळतात. वजन आधीच्या आठवड्यांत जेवणातून उतरवा. नखं आदल्या रात्री मुळाशी कापा, वजनाच्या वेळी ती तपासतात.

पिशवीत दोन कोरडे टॉवेल, चिकटपट्टी, रबर आणि पाण्याची बाटली ठेवा. अंगाला तेल लावून गादीवर जाता येत नाही, म्हणून मालिश झाली असेल तर साबणाने धुऊन घ्या. हिवाळ्याच्या सकाळी कुस्तीच्या 20 मिनिटं आधी पंजे कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवा, पुसा, मग 30 वेळा मूठ उघड-मीट करा. पहिली फेरी संपल्यावर कंबरेवर मुठी ठेवून उभे राहू नका. बोटं पूर्ण फाकवा, हात खाली लोंबते सोडून झटका, कोपराखालचा भाग टॉवेलने कोरडा करा आणि शिट्टी वाजेपर्यंत मूठ मिटू नका.