टोकुसात्सु बघायचंय? सुरुवात इथून करा

ऐंशीच्या दशकात ज्यांनी दूरदर्शनवर जायंट रोबोट बघितलाय, मनगटावरच्या घड्याळात बोलून रोबोटला बोलावणारा तो पोरगा, त्यांनी टोकुसात्सु, म्हणजे स्पेशल इफेक्ट्सवाले जपानी सिनेमे-सिरियल, बघितलेलंच आहे, फक्त नाव माहीत नव्हतं. रबरी सूटमधला माणूस, छोटी छोटी बांधलेली शहरं, खरी आग, खरा धूर. नवीन माणूस यूट्यूबवर मारामारीची एखादी क्लिप बघतो आणि सोडून देतो, तसं नका करू.

पहिला १९५४ चा गॉडझिला, आणि जपानीतच, सबटायटल लावून. १९५६ ची अमेरिकन आवृत्ती पण फिरत असते, रेमंड बर हा अमेरिकन नट दिसला की समजा चुकीची लागलीय. मार्च १९५४ ला बिकिनी बेटांवरच्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्बची राख जपानी मच्छीमारांच्या बोटीवर पडली आणि त्याच नोव्हेंबरात हा सिनेमा आला, हे डोक्यात ठेवून बघा. टोकियो जळत असताना एक आई पोरांना कवटाळून बसलीय आणि म्हणते, आता आपण बाबांकडेच जाणार. मला तो सीन आजही बघवत नाही.

बघताना नजर पायांकडे ठेवा. सूटच्या आत हारुओ नाकाजिमा घामाघूम होऊन चालतोय, आणि कॅमेरा जास्त स्पीडने फिरवून नंतर नॉर्मल स्पीडने दाखवलाय म्हणून ती चाल एवढी जड वाटते, पडणाऱ्या भिंतीलाही वजन येतं. पाण्याचे थेंब मात्र लहान करता येत नाहीत, समुद्राच्या सीनमध्ये ते लगेच कळतं, पण एकदा ही मेहनत दिसायला लागली की मजा वाढतेच.

मग १९६६ चा अल्ट्रामॅन, राक्षसांशी लढणाऱ्या अवाढव्य हिरोची सिरियल. ३९ एपिसोड आहेत, पहिले दोन-तीन बघा आणि सरळ २३ वा लावा. पाणी नसलेल्या ग्रहावर एका अंतराळवीराला त्याच्याच माणसांनी वाऱ्यावर सोडलं, तो राक्षस होऊन परत येतो, नाव जामिला, आणि अल्ट्रामॅन त्याला मारतो कशाने तर पाण्याने. जामिला चिखलात लोळत देशोदेशीच्या झेंड्यांमध्ये तडफडतो आणि ओरडणं लहान बाळासारखं. मुलांच्या सिरियलमध्ये हे दाखवायला हिंमत लागते.

कामेन रायडर म्हणजे मुखवटेवाल्या हिरोंच्या सिरीज, खूप आहेत म्हणून टेन्शन घेऊ नका, बहुतेक सिरीजची गोष्ट वेगळी असते. २००९ ची डबल घ्या, ४९ एपिसोड, दोघं मिळून एक रायडर होतात, डिटेक्टिव्हगिरी आहे, घरात सगळ्यांना आवडेल. १९७१ ची मूळ नंतर. पॉवर रेंजर्स आवडायचं? तर त्याचं मूळ, १९९२ ची झ्युरेंजर बघा.

१९९५ ते ९९ चे तीन गामेरा, म्हणजे अवाढव्य कासवाचे सिनेमे, चुकवू नका, क्रमानेच बघा. तिसऱ्यात एका मुलीचे आईवडील गामेराच्याच लढाईत गेलेत आणि ती त्याचा द्वेष करते, हिरोच्या पायाखाली कोण आलं हे विचारणारे सिनेमे फार कमी आहेत. ऑस्कर मिळालेला २०२३ चा गॉडझिला मायनस वन मी मुद्दाम शेवटी सांगतोय, आधीचं बघितलं असेल तर तो दुप्पट भिडतो.

आणि वेळ मिळाला की जायंट रोबोटचा २६ वा, शेवटचा एपिसोड पुन्हा बघा. हुकूम नसताना रोबोट शत्रूला उचलून अवकाशात घेऊन जातो आणि खालून तो पोरगा परत ये, परत ये म्हणून ओरडत राहतो.