दारं-खिडक्यांना रंग देण्याआधी

कोकणातल्या घराची दारं-खिडक्या रंगवायची म्हणून दिवाळीचा फराळ संपताच रंगारी बोलावू नका. चार महिने पाऊस प्यायलेलं लाकूड वरून सुकलेलं दिसतं, आत ओलच असते. त्यावर ऑइलपेंट मारला की उन्हात फोड येणारच. डिसेंबर-जानेवारीपर्यंत थांबा, आणि तोवर पाणी येतं कुठून ते शोधा: फुटलेलं कौल, गळकी पन्हळ, चौकट आणि भिंत यांच्यातली फट. ते तसंच ठेवून रंग द्यायचा असेल तर पैसे वाचवलेले बरे.

मग पेचकस घ्या. चौकटीचे पाय, झडपांची खालची पट्टी, सांधे, सगळीकडे टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय, वरचा रंग कितीही शाबूत दिसो. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवीचं औषध आधी. कुजका भाग टणक लाकूड लागेपर्यंत सुताराकडून कापून घ्या आणि सागाला साग, फणसाला फणस असा तुकडा जोडा. सांधा बाहेरच्या बाजूला उतरता हवा, म्हणजे पाणी थांबत नाही. खड्ड्यात लांबी (पुट्टी) भरून मोकळे होणारे कारागीर पुष्कळ आहेत. लांबी खिळ्यांच्या भोकांसाठी आणि बारीक चिरांसाठी.

काळ्या डागावर ब्लीचचा थेंब टाका. फिका पडला तर बुरशी, नाहीतर मळ. दोन्ही धुवा, पुन्हा वाळवा. करडं पडलेलं लाकूड पॉलिश पेपरने मूळ रंग दिसेपर्यंत घासा, कारण उन्हाने मेलेल्या थरावर प्रायमर धरत नाही. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावरची दशलक्षात ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासूनची. त्याआधीच्या रंगात हे विषारी शिसं जास्त असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका. पाणी लावून घासा, तोंडावर मास्क, मुलं लांब.

घासलेल्या लाकडाला दोन आठवड्यांच्या आत प्रायमर लागला पाहिजे. त्यासाठी झडपा बिजागऱ्यांवरून उतरवा आणि खालच्या कडेला प्रायमरचे दोन हात द्या. उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथे उघडी असतात, पाणी तिथूनच वर चढतं, आणि दिसत नाही म्हणून रंगारी नेमकी तीच कड सोडतो. पावसात दार फुगलं म्हणून रंधा मारला असेल तर तिथे लाकूड उघडंच पडलेलं असणार. झडपा परत चढवण्याआधी ही कड स्वतः बघा. नंतर जमिनीवर मोबाइल ठेवून फोटो काढत बसावं लागतं.