साहेब म्हणाले ‘थांबा’, पण कुठं थांबायचं ते तुम्ही ठरवायचं

मी कोल्हापुरात कार शिकवते. शिकायला येणाऱ्यांत बहुतेक गृहिणी आणि कॉलेजच्या मुली असतात, अधूनमधून रिटायर झालेले एखादे काकाही असतात. ट्रायलला, म्हणजे पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला, जाताना त्यांचा क्लच-ब्रेकचा मेळ बसलेला असतो, गिअर खाली न बघता पडत असतो आणि रिव्हर्सही जमत असतो. तरी काही जण नापास होऊन येतात, आणि बहुतेकांचं कारण जवळपास एकच असतं. “मॅडम, साहेबांनीच सांगितलं की ओ, तिथं थांबवा म्हणून! थांबवली तर म्हणतात, नापास.”

आपल्याला फसवलं असं त्यांना वाटतं. त्या दिवशी त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पण नव्यानं शिकणाऱ्यांना मला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगावीशी वाटते. शेजारी बसलेले निरीक्षक ‘काय करायचं’ तेवढंच सांगतात. ते कुठं, कधी आणि कसं करायचं हे चालवणाऱ्यानं ठरवायचं असतं, आणि ट्रायलमध्ये तपासलं जातं ते हेच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 15 एकदा तरी वाचा. उमेदवाराला काय काय यायला हवं याची सगळी यादी तिथं आहे. आरसा नीट लावणं, इंजिन सुरू करण्याआधीची काळजी, टॉप गिअरपर्यंत जाणं, चढावर थांबून मागं न घसरता पुन्हा निघणं, अरुंद जागेत रिव्हर्स घेणं, गिअर बदलत गाडीचं तोंड उलट दिशेला करणं, पायी चालणाऱ्याला आधी जाऊ देणं, हे सगळं तिथं लिहिलेलं आहे. सिग्नल देण्याआधी आरशाचा नीट वापर हवा, असंही त्यात आहे. निरीक्षकांची सूचना मिळाल्याबरोबर ती पाळून दाखवणं मात्र त्या यादीत कुठंच नाही.

आपण वाढतोच अशा वातावरणात की मोठ्या माणसानं सांगितलं की लगेच करायचं. शाळेत गुरुजी, घरात आजोबा आणि इथं साहेब. त्यामुळं “थांबवा” हा शब्द कानावर पडताच पाय ब्रेकवर जातो. मागं दुचाकी आहे का, आपण वळणावर आहोत का, समोर बसस्टॉप आहे का, हे बघायच्या आत गाडी उभी राहिलेली असते. चौकाजवळ, वळणावर, पुलावर, झेब्रा पट्ट्यांपाशी, बसस्टॉपवर, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या दारात गाडी उभी करू नये, हे शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत तुम्ही बरोबर टिक केलेलं असतं. स्टिअरिंग हातात आल्यावर तेच आठवायचं आहे.

म्हणून मी सरावातच अवघड सूचना देते. दसरा चौकाकडून येताना सीपीआर दवाखान्याचं गेट आलं की म्हणते, “हां, इथं थांबवा.” नवी मुलगी हमखास थांबवते. मग मी विचारते, आत्ता मागून ॲम्ब्युलन्स आली तर? पुढच्या खेपेला तीच मुलगी इंडिकेटर देते, वेग कमी करते आणि म्हणते, “मॅडम, इथं दवाखान्याचं दार आहे. पुढं जागा बघून थांबवते.” हे वाक्य मी त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेते, कारण मनातल्या मनात घेतलेला निर्णय शेजारच्या माणसाला दिसत नाही. तुम्ही न बोलता पुढं गेलात, तर सूचना ऐकलीच नाही असाही त्याचा अर्थ निघू शकतो.

‘उजवीकडं घ्या’चं तसंच. चौक अगदी तोंडावर आल्यावर ही सूचना येते. तुम्ही डावीकडून चाललेले असता आणि उजव्या अंगानं केएमटीची बस येत असते. अशा वेळी स्टिअरिंग ओढायचं नाही. “आता उजवीकडं जाणं धोक्याचं आहे, पुढच्या चौकातून वळते,” असं सांगून सरळ जायचं. रस्ता एकेरी असेल, नो एंट्रीचा बोर्ड असेल, तर तोही बोलून दाखवायचा. शिवाजी पेठेतल्या माझ्याकडच्या एका काकांना हे पटायला फार वेळ लागला. त्यांना तो उर्मटपणा वाटायचा. मी त्यांना एवढंच विचारलं, लायसन्स मिळाल्यावर शेजारी काकू बसल्या आणि त्या म्हणाल्या, ‘अहो, घ्या इथूनच’, तर घ्याल का? त्यानंतर ते नीट बोलायला लागले.

सूचना कळली नाही तर पुन्हा विचारा. “पुढून वळवून आणा” म्हटल्यावर यू-टर्न घ्यायचा, की आत गल्लीत घालून रिव्हर्सनं बाहेर यायचं? “साहेब, यू-टर्न घेऊ की रिव्हर्सनं वळवू?” असं विचारण्यात कमीपणा काही नाही. अंदाजानं काहीतरी करून अर्ध्यात अडकण्यापेक्षा ते कितीतरी बरं. विचारताना मान मात्र वळवायची नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त चुका गप्पांमध्ये होतात. “गाव कुठलं? शिक्षण काय?” असं साहेब सहज विचारतात आणि उमेदवार आदरानं त्यांच्याकडं तोंड करून उत्तर देतो. तेवढ्यात समोरून कुणीतरी रस्ता ओलांडायला लागलेलं असतं. नजर रस्त्यावर ठेवून उत्तर दिलं तर कुणाचाही अनादर होत नाही.

“सगळे गिअर टाकून दाखवा” ही सूचनासुद्धा रस्ता बघून पाळायची. पुढं ऊस भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन रांगत असेल तर चौथा गिअर टाकायची जागाच नसते. गळीत हंगामात कोल्हापूरच्या आसपासच्या कुठल्याही रस्त्यावर हे दिसतं. “पुढं मोकळं झालं की टाकते,” म्हणा, आणि मोकळं झालं की खरोखर टाका.

चढावरचा “थांबा… चला” हा घाईचा प्रकार आहे. दोन्हींमध्ये श्वास घ्यायलाही उसंत नसते, म्हणून क्लच फाटकन सुटतो आणि गाडी बंद पडते किंवा मागं घसरते. इथं घाई करायचीच नाही. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा सोडून, गाडीचं तोंड किंचित उचललेलं जाणवू द्या, मगच हँडब्रेक सोडा. कोल्हापूर शहरात सरावाला असा चढ पटकन मिळत नाही. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढं मिळतो. तिथं सकाळी लवकर जावं, रविवारी मात्र नको. पर्यटकांची गर्दी असते.

आणि शेवटचं वाक्य: “झालं, उतरा.” राजारामपुरीची नर्सिंग शिकणारी एक मुलगी सगळी ट्रायल सुरेख देऊन इथं अडकली. आनंदाच्या भरात तिनं हँडब्रेक न लावता, मागं न बघता दार उघडलं आणि मागून येणारा सायकलवाला थोडक्यात वाचला. तिला नापास केलं ते योग्यच होतं असं माझं मत आहे, आणि नंतर तिलाही ते पटलं. उतरा म्हटल्यावर आधी हँडब्रेक, मग इंजिन बंद, मग आरसा, मग मान वळवून मागचा रस्ता बघायचा. त्यानंतर दार.

दुचाकीच्या ट्रायलला बोलणं फार होत नाही. गाडीनं आठचा आकडा काढताना पाय टेकू नये आणि हाताचे इशारे पाठ असावेत.

नापास झालात तर तिथंच शांतपणे विचारा, “नेमकं कुठं चुकलं?” उत्तर मिळेल ते त्याच दिवशी लिहून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 9 प्रमाणे 7 दिवसांनंतर पुन्हा ट्रायल देता येते. 3 वेळा नापास झाल्यावर मात्र 60 दिवस थांबावं लागतं. शिकाऊ लायसन्स 6 महिनेच चालतं, तेव्हा तारखांचा हिशेब आधीच करा. हा सगळा ताप वाटत असेल तर हेही लक्षात घ्या, की तिशीच्या आत काढलेलं पक्कं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं. तेवढ्या वर्षांत तुमच्या शेजारी बसून तुमची नजर कुठं आहे हे तपासायला कुणी येणार नाही. मला या ट्रायलची इतकी काळजी वाटते ती त्यामुळं.

मधल्या दिवसांत नुसत्या फेऱ्या मारू नका. भाऊ, नवरा, मैत्रीण, कुणीही शेजारी बसवा. त्यांचं लायसन्स पक्कं हवं आणि गाडीला पुढं-मागं लाल ‘एल’ हवा. त्यांना सांगा, मुद्दाम उशिरा सूचना द्या, अर्धवट द्या, चुकीच्या जागी द्या, मध्येच गावच्या गप्पा काढा. रंकाळ्याच्या रस्त्यावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, तिथं हे कराच. प्रत्येक वेळी आधी आरसा, मग बोलणं, मग इंडिकेटर आणि शेवटी स्टिअरिंग. शेजारच्याचं वाक्य संपायच्या आतच हात फिरवायची सवय सुटली आणि नजर आपोआप आरशाकडं जायला लागली, की ट्रायलची पुढची तारीख घ्या.