आधुनिक घर बघायचं तर आधी आपली वीत मोजा

मुलगा स्टुटगार्टला नोकरीला लागल्यापासून आमच्या तिकडे दोन फेऱ्या झाल्या. मी पुण्यात तीस वर्षं स्वयंपाकघरांचं फर्निचर करतो, त्यामुळे राजवाडे आणि चर्चं नंतर, आधी १९२०-३० च्या काळातली आधुनिक घरं. आता ओळखीतलं कोणी युरोपला निघालं की फोन येतो, "ती पांढऱ्या पेटीसारखी घरं बघायची कशी हो? आम्हाला तर काहीच कळत नाही." म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

निघण्याआधी आपली वीत मोजा. माझी साडेआठ इंच भरते. म्युझियममध्ये टेप काढली की तिथला माणूस दचकतो, पण भिंतीला न टेकता हवेतच वीत धरली तर कोण काय म्हणणार? बुटाची लांबीही लक्षात ठेवा. फोटो नंतर काढा. या घरांचं गुपित दर्शनी भागात नसतं, मापात असतं.

सुरुवात फ्रँकफर्टपासून करा. पहिल्या महायुद्धानंतर तिथे घरांची प्रचंड टंचाई होती आणि शहराचा वास्तुरचनाकार एर्न्स्ट माय वसाहतींवर वसाहती उभारत होता. त्यांच्यासाठी मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या तरुण वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ मध्ये स्वयंपाकघर आखलं आणि तसली सुमारे १०,००० बसवली गेली. माय यांच्या नावाच्या छोट्या म्युझियममध्ये त्यातलं एक बघायला मिळतं. ते रोज उघडं नसतं, वार बघून जा.

माप १.९ मीटर बाय ३.४ मीटर. म्हणजे साधारण सव्वासहा फूट बाय अकरा. आत गेलात की लगेच फिरू नका. मधोमध उभे राहा आणि मनातल्या मनात चहा करा. पातेलं कुठे, साखर कुठे, गॅस कुठे, पावलं किती? मला दोन लागली. खिडकीसमोर कामाची फळी, तिच्याजवळ फिरतं स्टूल, म्हणजे भाजी बसून चिरायची. इस्त्रीची फळी भिंतीतून खाली पडते. कपाटांना निळसर हिरवा रंग, कारण या रंगावर माशा बसत नाहीत असं तेव्हा समजत. पीठ ठेवायला ओकचं लाकूड, अळ्या होऊ नयेत म्हणून. बाईंनी हे हवेतून आणलं नव्हतं. हातात घड्याळ धरून कामांचा वेळ मोजला होता आणि आगगाडीच्या डायनिंग कारमधला आचारी एवढ्याशा जागेत शंभर पानं कशी वाढतो, हे डोळ्यांसमोर ठेवलं होतं. त्याआधी अमेरिकेत क्रिस्टिन फ्रेडरिक घरकामातली पावलं मोजत होत्या, तेही बाईंनी वाचलेलं.

मी भारावून बघत होतो. आमची ही दारातच थांबली आणि म्हणाली, "हे एकीचंच आहे. दुसरी मदतीला आली तर पहिलीनं बाहेर जायचं." पुढे या स्वयंपाकघरावर टीका झाली ती नेमकी हीच. बाई आत एकटी कोंडली जाते म्हणून.

तिथून स्टुटगार्ट. १९२७ मध्ये जर्मन वास्तुरचनाकार मीस व्हान डेर रोहे यांच्या देखरेखीखाली १७ वास्तुरचनाकारांनी वाइसेनहोफच्या टेकडीवर प्रदर्शन म्हणून २१ इमारती बांधल्या. युद्धात बरीच पडझड झाली, ११ मूळच्या उरल्या. त्यातल्या कोर्बुझिए आणि पिएर जानरे यांच्या जोडघरात म्युझियम आहे. २०१६ पासून ते जागतिक वारशात आहे. (चंडीगडच्या आखणीमुळे ही दोन्ही नावं आपल्याला परकी नाहीत.) पलंग बघायला विसरू नका. दिवसा ते कपाटाच्या पोटात सरकतात आणि सगळी जागा बैठकीची होते. रात्री पलंग बाहेर, सरकते पडदे बंद, झाल्या झोपायच्या खोल्या. दहा बाय बाराच्या खोलीत गाद्या गुंडाळून वाढलेल्या माणसाला यात नवल ते काय! बोळ मात्र आगगाडीतल्यासारखा, अंग चोरून जावं लागतं. आणि रंग बघा. जुन्या कृष्णधवल फोटोंमुळे ही घरं नुसती पांढरी होती असा समज पसरला, आतल्या भिंती तसं सांगत नाहीत.

मागचे पाय नसलेली खुर्चीही इथल्याच प्रदर्शनात लोकांनी पाहिली. डच वास्तुरचनाकार मार्ट स्टाम यांनी पहिला नमुना गॅसच्या पाइपांना सांधे लावून केला होता, प्लंबर करतो तसा. त्यांची खुर्ची ताठ, मीस यांची झुलणारी. कुठे बसायला मिळाली तर जरा मागे रेला, फरक पाठीलाच कळतो.

अमेरिकेत गेलात तर बॉस्टनजवळ लिंकनला जर्मन वास्तुरचनाकार वॉल्टर ग्रोपियस यांचं १९३८ चं घर गाठा. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं प्रदर्शन भरवून या सगळ्याला 'इंटरनॅशनल स्टाइल' म्हणून टाकलं होतं. पावलं मोजण्याचा विषय मागे पडला, दिसणं पुढे आलं. पण हिटलरच्या जर्मनीतून निघून, इंग्लंडमार्गे १९३७ मध्ये हार्वर्डला पोचलेल्या ग्रोपियसनी स्वतःचं घर बांधताना सपाट छताखाली तिथल्याच घरांना असतात तशा लाकडी पट्ट्या लावल्या, फक्त उभ्या. जाळी लावलेला व्हरांडाही तिथलाच घेतला, पण घराच्या अंगाला आडवा न लावता मागे बाहेर काढला, म्हणजे वारा तिन्ही बाजूंनी येतो. तिथे पाच मिनिटं नुसते उभे राहा.

एक गोष्ट सांगायची राहिली. फ्रँकफर्टच्या ओट्यात अॅल्युमिनियमचे डबे आहेत, ड्रॉवरसारखे ओढायचे, मागे मूठ, पुढे चोच, थेट पातेल्यात ओतायचे. प्रत्येकावर नाव कोरलेलं, तांदूळ, साखर असं. बायकांची तक्रार होती की डबे पोरांच्या हाताला लागतात, आणि आमच्या घरात जे लागतं त्याला डबाच नाही. परत आल्यावर मी कोथरूडच्या एका ओट्यात तसेच सहा डबे करून बसवले. जरा उंचावर, आणि नावं न घालता.